पूल क्यूच्या पिनसाठी तीन सूत १० टीपीआयचा टॅप घरीच बनवायचाय, कुणी केलाय का?

कूपवाडचा_फिटर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. (नवख्यांसाठी: क्यू म्हणजे खेळायची काठी, टॅप म्हणजे भोकात आतून आटे पाडायचं हत्यार, टीपीआय म्हणजे एका इंचात किती आटे, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.)

मी सांगलीत राहतो, दिवसा कूपवाड एमआयडीसीत नोकरी आणि रात्री जेवण झालं की मागच्या पत्र्याच्या खोलीत खुडबुड. खोलीत राजकोटचं साडेचार फुटी जुनं लेथ आहे, २०१९ च्या महापुरात बुडालेलं म्हणून भंगाराच्या भावात मिळालं, घासूनपुसून आणि बेअरिंगं बदलून आता बरं चालतंय. लीड स्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) ४ टीपीआयचा, त्याचा वेग ठरवणाऱ्या चेंज गिअरचा सेट जवळपास पूर्ण (एका गिअरचे दोन दात गेलेत, तो सोडून). मिलिंग नाही. बेंच ग्राइंडर, हँड ग्राइंडर आणि कानशी, एवढंच भांडवल.

विश्रामबागेत मित्राचं स्नूकर पार्लर आहे, तिथल्या क्यूच्या टिपा बदलणं, फेरूल (टिपेखालची कडी) बसवणं असली कामं मी दोनेक वर्षं करतोय. स्नूकरच्या स्टिकचा सांधा पितळेचा, पितळेत पितळ फिरतं, तो सहसा काय जात नाही. पण यंदा त्याने पूल टेबल पण टाकलं आणि तिथून माझा त्रास सुरू झाला. पूलच्या बऱ्याच क्यूंना पुढच्या भागात, म्हणजे शाफ्टमध्ये, धातूच नसतो, सरळ मेपलच्या लाकडात आटे पाडलेले असतात आणि बटातली, म्हणजे मागच्या भागातली, स्टीलची पिन त्यात फिरते. पोरं घाईत तिरकी लावतात आणि रेटतात, मग आटे गेलेच. सध्या माझ्याकडे अशा तीन शाफ्ट पडून आहेत, त्यातली एक एका गिऱ्हाइकाची स्वतःची आहे आणि तो रोज फोन करतोय.

पिन मोजली. बाहेरून व्हर्नियरला ९.५ च्या आसपास, म्हणजे तीन सूत. स्केल लावून मोजलं तर एका इंचात बरोबर १० आटे. खाचेचं बूड टोकदार नाही, सपाट आहे. गणपती पेठेत जाऊन तीन सुताचा टॅप मागितला तर दुकानदाराने लगेच काढून दिला, पण तो १६ टीपीआयचा. १० चा म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं जणू मी जून महिन्यात हापूस मागतोय. आणि मी येड्यासारखा तो १६ चाच घेऊन आलो, म्हटलं लाकूडच आहे, पिन आपली वाट करून घेईल. फुटक्या शाफ्टवर मारून बघितला. पिन दोन फेरे गेली आणि तिसऱ्याला चर्रर्र करून आतलं सगळं लाकूड पिठासारखं बाहेर आलं. नशीब शाफ्ट फुटकी होती.

बाहेरून मागवायचे टॅप मिळतात पण किंमत बघून गुपचूप मोबाईल खिशात ठेवला. तर आता टॅप स्वतःच बनवायचा म्हणतोय. स्टील कुठलं घेऊ, पाणी द्यावंच (म्हणजे तापवून, विझवून कडक करावंच) लागतं का, मिलिंगशिवाय फ्लूट (टॅपवरच्या लांब खाचा) कसे काढायचे आणि किती, हे कुणी सांगेल का? आटे मी लेथवर पाडतो, पण टॅप कधी बनवलेला नाही.

निळा_खडू

भावा एवढा कुटाणा कशाला. भोक मोठं कर, पितळेचा इन्सर्ट टर्न कर, आतून आटे पाड, अराल्डाइटने चिकटव, विषय संपला. लाकडात आटे ही आयडियाच मुळात चुकीची वाटते मला.

बाकी गंमत बघा, स्नूकरचा जन्मच मुळी आपल्याकडचा, १८७५ ला जबलपूरच्या ऑफिसर मेसमध्ये, दीडशे वर्षं झाली आणि आपल्याला साधा टॅप मिळेना.

कूपवाडचा_फिटर

@निळा_खडू इन्सर्टचा विचार केला होता. पण पितळेच्या आतून १० टीपीआय पाडायला पण तोच टॅप नाहीतर आतला थ्रेडिंग टूल लागणारच ना, गाडी तिथंच अडकते. आणि गिऱ्हाईक म्हणतो मला लाकडाला लाकूड भिडल्यावर जो ठोका हातात येतो तोच पाहिजे, पुढं वजन वाढलेलं चालणार नाही. आता तो ठोका खरंच वेगळा असतो का मनाचे खेळ ते मला माहीत नाही, पण पैसे तो देणार आहे.

टूलरूम_काका

तीस वर्षं टूलरूममध्ये गेली, आता पलूसला घरी असतो, त्यामुळे वेळच वेळ आहे. सविस्तर लिहितो.

पहिलं, तुझा १६ चा टॅप का फसला ते समजून घे. फक्त पिन जुळली नाही म्हणून नाही. बारीक आट्याला दोन आट्यांमध्ये लाकूडच राहत नाही, आणि शाफ्टच्या तोंडाकडून भोक पाडलं की रेषा भोकाच्या दिशेनेच जातात, म्हणजे प्रत्येक आटा म्हणजे आखूड आखूड तुकड्यांची भिंत. ती पातळ असली की पापडासारखी तुटते. म्हणून क्यू बनवणारे जाड आटे घेतात.

आता टॅप. स्टील ओएचएनएस (तेलात विझवून कडक होणारं टूल स्टील) घे, १० किंवा १२ मिमी रॉड, फूटभर घेतलास तर दोन-तीन टॅप होतील, आणि पहिला बिघडणार आहे हे धरून चाल. कूपवाडला डाय बनवणाऱ्या कुणाकडेही तुकडा पडलेला असतो, चहा पाजलास तरी मिळेल. सिल्व्हर स्टील मिळालं तरी चालतं, पण पाण्यात विझवायचं का तेलात ते विकणाऱ्याला विचारून घे.

चेंज गिअरचं तुझं नशीब चांगलं. ४ टीपीआयच्या लीड स्क्रूवर १० टीपीआय म्हणजे ४ ला १०, म्हणजे २० चालवणारा आणि ५० चालणारा, मधला आयडलर किती दातांचा का असेना, त्याने हिशोब बदलत नाही. मेट्रिक लीड स्क्रू असता तर २.५४ मिमी पिचसाठी (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) १२७ चा गिअर शोधत फिरला असतास. काहीजण सांगतील २.५ पिच लाव, काय फरक पडतोय. तसलं ऐकू नको. दर आट्याला चार शतांश चूक, दहा आट्यांत ०.४ मिमी, पिन निम्म्यात जाऊन जाम होणार.

टूल घासताना खरी मेख आहे. तुझ्या पिनचं बूड सपाट आहे म्हणतोस. तिथं तू नेहमीचं टोकदार ६० अंशाचं टूल घेऊन पूर्ण खोलीचा आटा पाडलास तर टॅपचे दात बारीक होतील, लाकडात खाच अरुंद पडेल आणि पिन जाणारच नाही. म्हणून टूलचं टोक पिनच्या खाचेत घालून उजेडासमोर धर. दोन्ही बाजूंनी उजेडाची एकसारखी केसभर फट दिसली पाहिजे, म्हणजे टूल पिनच्या खाचेपेक्षा किंचित अरुंद. टूल अरुंद म्हणजे टॅपचा दात किंचित जाड, म्हणजे लाकडातली खाच किंचित मोकळी. रॉडचा बाहेरचा व्यास पण ९.५ च्या ऐवजी ९.६ ठेव. आणि खोली किती घ्यायची, तर टॅपचं बूड पिनच्या बुडाएवढं होईपर्यंत. आकडा पुस्तकातून घेऊ नको, पिन समोर आहे, तिच्यावरूनच घे. शेवटी पिन आणि टॅप दातात दात घालून परत उजेडाला धर.

आटे पाडताना हाफ नट (टूलला लीड स्क्रूशी जोडणारा) उघडूच नको. आणि मोटर उलटी फिरवून मागे आणणार असशील तर चक (रॉड पकडणारा जबड्यांचा भाग) स्पिंडलच्या आट्यांवर बसणारा आहे का बघ, झटक्याने उलटा फिरला तर सैल होऊन खाली येईल, आमच्या शॉपमध्ये एकाच्या पायावर आला होता. खरं सांगू, २५ मिमी लांबी म्हणजे दहाच फेरे. स्पिंडलला मागून हँडल लाव आणि हाताने फिरव, मोटर लागतेच कशाला.

आट्यांच्या पुढे १० मिमी साधा गुळगुळीत भाग ठेव, भोकात अलगद बसेल एवढ्या मापाचा. तो टॅपला सरळ धरतो. मग टॉप स्लाइड (टूल धरणारी वरची सरकपट्टी) पाच-सहा अंश फिरवून पहिल्या पाच-सहा आट्यांना उतार दे.

फ्लूट तीन पुरेत. चकच्या तीन जबड्यांचा उपयोग कर, एक जबडा बेडवर ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यावर टेकव, टूलच्या टोकाने रॉडवर लांब रेघ ओढ, पुढचा जबडा टेकव, परत रेघ, तीन समान भाग तयार. मग हँड ग्राइंडरने पातळ चकतीने खाच आणि गोल कानशीने साफ. घाई नको. कापणारी बाजू रॉडच्या मध्याकडे सरळ बघणारी पाहिजे आणि फ्लूट खोल, कारण लाकडाचा भुसा जागा फार खातो. उताराच्या दातांना पाठीमागून कानस फिरवून जरा हलकं कर. शेवटी मागच्या टोकाला हँडलसाठी चौकोन कर आणि त्याच टोकाला सेंटर ड्रिलचं भोक ठेव, ते कशाला लागतं ते आपला क्यूवाला सातारी_बाणा सांगेलच.

पाणी द्यायचं का? नुसत्या मेपलसाठी नाही दिलं तरी चालून जाईल. पण फायबर किंवा हायलममध्ये (रेझिनमध्ये दाबलेल्या कापडाच्या किंवा कागदाच्या कडक रॉडमध्ये) आटे पाडणार असशील तर पाणी पाहिजेच, हायलम धार खातो. आट्यांत अंगाचा साबण घासून भर म्हणजे खपली धरत नाही. टॉर्चने किंवा लोहाराच्या भट्टीत लाल कर, चुंबक चिकटायचं बंद झालं की अजून थोडं तापव, आणि तेलात उभाच्या उभा बुडव. उभा. तिरका घातलास तर वाकणार. तेल लोखंडी डब्यात, झाकण जवळ, आणि घराबाहेर. मग पॉलिश पेपरने चकचकीत करून गवताच्या काडीसारखा पिवळा रंग येईस्तोवर परत मंद तापव, साधारण २०० ते २२० अंश. घरात ओव्हन असेल तर २०० वर तासभर ठेव, फक्त टॅपचं तेल आधी नीट धू, नाहीतर पुढचे आठ दिवस केकला गिअर ऑइलचा वास.

सातारी_बाणा

काकांना नमस्कार, एवढं कुणी फुकट सांगत नाही. मी साताऱ्यात क्यूच दुरुस्त करतो, तर माझे दोन आणे.

एक. घाई असेल तर आधी जुगाडी टॅप करून बघ. त्याच मापाची एखादी जादा पिन मिळव, मोडक्या क्यूची काढलीस तरी चालेल. पुढे उतार घास, तीन खाचा मार, झाला टॅप. पिन स्टीलची पाहिजे, पितळेची नको. आटे शंभर टक्के जुळणार कारण पिनच ती. पण काका म्हणतात तो केसभर मोकळेपणा यात मिळत नाही, पिन इतकी घट्ट जाते की दोन्ही हातांनी पिळावी लागते. माझा पहिला टॅप असाच होता, वर्षभर चालवला, मग कंटाळून लेथवर नीट केला.

दोन, आणि हे टॅपपेक्षा महत्त्वाचं. टॅप कितीही भारी असू दे, तो भोकाच्या मागे जातो. भोक वाकडं तर आटा वाकडा, आणि सांध्याला वाकडी स्टिक टेबलवर गडगडत सोडली की टीप नाचते. ड्रिल तर लाकडात मऊ रेषा सापडली की तिकडे पळतं. म्हणून मी ६.५ च्या ड्रिलने नुसती वाट करतो आणि बाकीचं छोट्या बोरिंग टूलने थोडं थोडं खात पिनच्या बुडाच्या मापाला आणतो. मोडक्या एचएसएस बिटातून घासलेलं टूल आहे, दिसायला दात कोरायच्या काडीसारखं.

शाफ्ट स्पिंडलमधून आरपार घाल, सांध्याचं टोक चकमध्ये, मधे चिरलेला नायलॉनचा बुश, नुसते जबडे लावलेस तर मेपलवर तीन खड्डे कायमचे. मागे टिपेकडचं टोक लोंबकळत राहतं, तिकडे स्पिंडलच्या तोंडात लाकडी बुश ठोक, नाहीतर मोटर चालू केल्यावर ते टोक असं काही फिरतं की पळावं लागतं. डायल (डगमग मोजायचं घड्याळ) लावून सांध्याकडे पण बघ आणि टिपेकडे पण बघ. टॅप मारताना मोटर बंद, प्लग काढलेला. टॅपच्या मागच्या भोकात टेलस्टॉकचं (लेथच्या दुसऱ्या टोकाचं) टोकदार सेंटर टेकवायचं (काकांनी म्हणूनच ठेवायला सांगितलंय), हँडलने टॅप फिरवायचा आणि सेंटर सोबत पुढे आणत राहायचं. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, दोन-तीन फेऱ्यांनी बाहेर काढून भुसा फुंकायचा. त्याच पकडीत शाफ्टच्या तोंडावरून एक हलका कट घ्यायचा, म्हणजे तोंड आट्याला काटकोनात. एकदा चकमधून काढलीस की परत तशी बसत नाही.

तीन, तुझी भोकं तर आधीच गेलेली आहेत, त्यात नवा टॅप कशाला धरेल? चार सुतापर्यंत मोठं बोर कर, २१ मिमीच्या शाफ्टला तरी चार-चार मिमी भिंत उरते. त्यात कापडी हायलमच्या रॉडचा प्लग, हळू सुकणारं अराल्डाइट, एक रात्र ठेव. प्लगवर एक बारीक खाच मार, कोंडलेली हवा जायला, नाहीतर रात्रीतून प्लग वर येऊन बसतो आणि सकाळी शिव्या. मोटर वायंडिंगवाल्यांकडे हायलम मिळतो. लाकडाचा प्लग पण घालतात पण रेषा परत त्याच दिशेने, परत पापड. तोंड मात्र लाकडाला लाकूडच भिडतं, त्यामुळे गिऱ्हाइकाचा तो ठोका बहुतेक शाबूत राहतो. निदान माझ्याकडं कुणी तक्रार घेऊन आलं नाही.

मिरजेचा_मिंड

मी क्यूवाला नाही, सतारमेकर गल्लीजवळ लहानाचा मोठा झालो एवढाच संबंध. लाकडाचं एक सांगतो. जुलैत आपल्याकडं हवेत पाणी असतं, लाकूड फुगतं, तेव्हा बरोबर बसवलेली गोष्ट मार्चमध्ये सैल होते. आमच्या शेजारचे कारागीर खुंट्या बसवायचे काम पावसात शक्यतो टाळायचे. खुंटीचं भोक निमुळतं, सैल झाली की दाबून बसवा, घसरली तर खडू लावा, भागतं. तुझ्या आट्याला तशी सोय नाही.

म्हणून ज्या शाफ्टमध्ये प्लग न घालता लाकडातच आटे ठेवणार असशील तिथं टॅप मारल्यावर पाण्यासारखं पातळ फेव्हिक्विक आट्यांना पाज. लाकूड ते पिऊन टाकतं. पूर्ण वाळू दे, मग तोच टॅप परत एकदा हलक्या हाताने फिरव. आटे काचेसारखे कडक होतात. वाळायच्या आधी टॅप घातलास तर टॅप आणि शाफ्ट जन्माचे सोबती, आणि वास घेत वाकून बसू नको, डोळ्यातून पाणी काढतो तो.

कूपवाडचा_फिटर

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय.

ओएचएनएस मिळालं, खरंच चहावर. आटे हाताने फिरवून पाडले, काका, दहा फेऱ्यांचं काम पण कट थोडे थोडे घेत पूर्ण खोलीला पोचायला तास गेला, तरी मोटरपेक्षा बरं, कुठं काय चाललंय ते हाताला कळत होतं. टूल चार वेळा घासलं. पहिल्यांदा घासलं तेव्हा वाटलं बसतंय, मग बायको म्हणाली ट्यूबसमोर काय धरताय, खिडकीत धरा, आणि खिडकीत धरल्यावर एका बाजूला ढळढळीत फट.

पहिला टॅप वाया गेला. तेलाचा डबा उथळ निघाला, टोक तळाला टेकलं आणि माझ्या हातातून पकड तिरकी झाली. थंड झाल्यावर काचेवर गडगडवला तर मधे कागद सहज जात होता. तो आता भिंतीवर टांगलाय. दुसऱ्यासाठी आधी डबा बदलला, लांबट लोखंडी नळीला खाली बूड वेल्ड करून घेतलं. हा सरळ राहिला. ओव्हनमध्ये ठेवायची परवानगी मिळाली नाही, त्यामुळे तव्यावर वाळू तापवून त्यात रंग आणला, मागचा चौकोन जरा जांभळा झाला पण दात पिवळेच आहेत.

गिऱ्हाइकाच्या शाफ्टमध्ये हायलमचा प्लग घातला. हायलममधून टॅप जाताना करकर आवाज आला आणि मळकट पिवळी पावडर पडली, मधेच सोडावंसं वाटलं पण अर्धा पुढे पाव मागे करत पोचलो. पिन बोटांनी फिरवत जाते, शेवटचा दीड फेरा जरा घट्ट. टेबलवर गडगडवली, सांध्याला काही उडी नाही. टिपेला किंचित हलते पण ती शाफ्टच आधीची वाकडी आहे असं मी त्याला सांगितलंय आणि ते खरं पण आहे. त्याने चार ब्रेक मारले, कान देऊन ऐकलं, आणि म्हणाला ठोका पहिल्यापेक्षा बरा आहे. आता बोला.

राहिलेल्या दोन शाफ्टमध्ये आटे निम्मेच गेलेत, तिथं फेव्हिक्विकवाला उपाय करणार आहे. आणि काका, तो शेवटचा दीड फेरा घट्ट आहे तो टॅपच्या उतारामुळे का? भोकाच्या बुडाशी आटे पूर्ण भरत नसतील असं वाटतंय.

टूलरूम_काका

बरोबर ओळखलंस. उताराचे दात तळाशी जाऊन थांबतात, तिथं आटा अर्धवटच पडतो. भोक अजून पाच-सहा मिमी खोल घ्यायला हवं होतं. आता प्लग बसलाय तर तेवढ्यासाठी उकरू नको. तो भिंतीवर टांगलेला वाकडा टॅप काढ, पुढचा साधा भाग आणि उताराचे चार आटे ग्राइंडरवर कापून टाक, वाकलेला असला तरी हाताने शेवटचे दीड आटे साफ करायला तेवढा पुरेल. कापताना मधे मधे पाण्यात बुडव, निळा पडला की धार गेली.